किट ज्या त्या क्लबचं

आभाविषयी बोलायला सगळे आभासमोरच बसले होते. तिच्याशी मात्र कुणी बोलत नव्हतं.

शारजातल्या ज्या शाळेचं मैदान हॉकी लीगने भाड्याने घेतलं होतं, तिच्या फाटकासमोर एक कॅफेटेरिया होती. लगून क्लबची मंडळी मॅच संपली की तिथे दोन टेबलं जोडून बसत आणि करक चहा मागवत. त्या शनिवारी लगून चार-एकने हरला होता, त्यामुळे चहा नेहमीपेक्षा जास्त लागणार होता.

"माझं म्हणणं साधं आहे," कॅप्टन तन्मय म्हणाला. तो बचावाला खेळायचा आणि आठवडाभर दुबईतल्या एका ऑडिट कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढायचा. "अर्श गोलमध्ये होता तेव्हा आपण मॅचला एखादा गोल खात होतो. अर्श दिला, आभा घेतली, आणि आता तीन-तीन, चार-चार खातोय. यात डिबेट कसली? सौदा फसला. खलास."

"खलास काय खलास?" वेदांग म्हणाला. तो टीममधला सगळ्यात धाकटा. जन्म शारजाचा, त्यामुळे मराठीत फार वेळ टिकत नसे. "ब्रो, ट्रेड टोटली वर्थ इट आहे. आय मीन, मी टीममध्ये आलो ना!"

टेबलावर हशा पिकला. आभाही हसली, कारण ती हसली नसती तर ते जास्त लक्षात आलं असतं.

वेदांगच्या बोलण्यात नुसता विनोद नव्हता. लीग मिश्र होती आणि अकरा जणांत किमान चार बायका हव्यात असा नियम होता. गोलमध्ये अर्श उभा असला की त्या चौघी पुढे खेळवाव्या लागत. गोलमध्येच बाई उभी केली, तर पुढे तिघींवर भागतं आणि एक पुरुष वाढतो. वाढलेला पुरुष म्हणजे वेदांग. ही युक्ती क्लबचे मॅनेजर सूर्यकांत सरपोतदार यांची. औद्योगिक क्षेत्रातल्या एका पॅकेजिंग कंपनीत ते परचेस मॅनेजर होते. पुठ्ठा असो की गोंद, भाव पाडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. लीगमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत सुरू झाली तशी त्यांनी इंडस्ट्रियल क्लबच्या वासुदेवशेठना गाठलं, अर्श दिला आणि आभा आणली.

म्हणजे सौद्याच्या विरुद्ध असलेले म्हणत होते, आभा वाईट गोलकीपर आहे. आणि बाजूने असलेले म्हणत होते, असेना का, बाई आहे ना, पुरे. शाळेत असल्यापासून गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या आभाला पहिली बाजू लागत होती. दुसरी झोंबत होती.

"सूर्यकांतकाका, बोला आता," तन्मय म्हणाला. "मुदत पुढच्या रविवारी संपतेय. वासुदेवशेठपण वैतागलेत, अर्श तिकडे गेल्यापासून त्याच्यावरही धडाधड गोल होतायत. परत बदलायला ते एका पायावर तयार आहेत. येत्या शनिवारी त्यांच्याशीच मॅच आहे. ती झाली की कमिटीत मत घेऊ. आपापला माल आपापल्या घरी."

"माल नको रे म्हणूस, मुलगी समोर बसलीय," सूर्यकांत म्हणाले. "मनुष्यबळ म्हण."

पुन्हा हशा. आभाने कप खाली ठेवला आणि किटच्या बॅगेचा दांडा ओढला.

"शनिवारी बघू," ती म्हणाली. त्या टेबलावर त्या दिवशी ती एवढंच बोलली.

ती आणि सूर्यकांत दोघेही अल मजाजला, लगूनच्या पाण्याकाठी, शेजारशेजारच्या टॉवरमध्ये राहत. मॅचनंतर तेच तिला सोडत. लगूनकडे जाणारा रस्ता नेहमीसारखा तुंबला होता. पुढच्या गाडीचे लाल दिवे विझत नव्हते, आणि सूर्यकांत एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तन्मयला उत्तरं देत होते, तो गाडीत नसताना.

"काका," आभा म्हणाली, "अदलाबदलीच्या वेळी किटचं काय ठरलं होतं?"

सूर्यकांतांचा चेहरा उजळला. "तो तर माझा मास्टरस्ट्रोक! 'किट ज्या त्या क्लबचं.' लिहूनच घेतलं. अगं, आपण अर्शसाठी कोरं किट मागवलेलं, प्लॅस्टिकसुद्धा धड निघालं नव्हतं. वासुदेवला वाटत होतं, माणसाबरोबर तेही पदरात पडेल. मी म्हटलं, हबीबी, माणूस घेऊन जा, किट इथंच राहील."

"अर्शच्या बुटाचा नंबर शेहेचाळीस आहे."

"असेल की. ताडमाड आहे पोरगा."

"माझा एकोणचाळीस."

पुढची गाडी हलली. सूर्यकांतांची हलली नाही. मागच्याने हॉर्न दिला.

हॉकीत बाकीच्यांनी चेंडूला पाय लावायचा नसतो. गोलकीपरने लावायचा असतो. त्यासाठी त्याच्या बुटांवर फोमचे जाड किकर बांधलेले असतात आणि वर मांडीपर्यंत पॅड. आभाची बोटं जिथे संपत, तिथून पुढे अर्शचा किकर दोन इंच तसाच पोकळ पडलेला असायचा. तिने आत मोजे कोंबले, पट्टे करकचून आवळले. तरी चेंडू त्या पोकळ टोकावर बसला की बाजूला उडण्याऐवजी जागच्या जागी मरायचा, आणि समोरचा खेळाडू सावकाश येऊन तो आत ढकलायचा. आजच्या चारातले तीन गोल असेच झाले होते. पॅडचा गुडघा तर तिच्या मांडीवर यायचा. वाकायचं म्हटलं की आधी पॅडशी भांडायचं.

तिने हे सगळं एका दमात सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

"आणि हे तू आज सांगतेस?"

"पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, बसतंय ना? मी म्हटलं, चालेल. नवीन आले होते, आल्या आल्या कुरकुर कुठे करायची. मग हरायला लागलो. हरल्यावर सांगितलं की ते कारण राहत नाही, सबब होते."

करारात कुठलं कलम राहून गेलं तर सूर्यकांत झोपत नसत, आणि इथे तर कलम त्यांनी स्वतः घातलं होतं.

"नवं मागवू तुझ्या मापाचं. पण ते बाहेरून येणार. दीडेक महिना."

"माझं जुनं किट आहे की. इंडस्ट्रियलकडे. सध्या अर्श घालतो."

सूर्यकांतांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "कोण? अर्श? सहा फुटी अर्श तुझ्या पॅडमध्ये?" आणि ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. हसता हसता एकदम थांबले. "म्हणून त्याच्यावर गोल होतायत!"

"म्हणूनच."

"आणि शनिवारी तो आपल्यासमोर त्याच पॅडमध्ये असणार."

"हो."

"आभा, हे कुणाला बोलू नकोस."

"काका, मी किट बदलून मागणार आहे. दोघांचं."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तू सुधारशील, तसा तोही सुधारेल. खरेदीत समोरच्याची अडचण हे आपलं भांडवल असतं."

"मग मी चांगली की तो, हे कधी कळणारच नाही. त्या टेबलावर तुमची महिनाभर जी चर्चा चाललीय ना, ती माझी नाही आणि अर्शचीही नाही. दोन चुकीच्या किटची आहे."

"मॅच हरलो तर मत माझ्याविरुद्ध जाईल. मॅनेजर म्हणून माझी काय पत राहील?"

"तुम्ही मॅनेजरच राहाल, काका. मी मात्र 'परत केलेली' गोलकीपर होईन. कुठल्याही क्लबमध्ये गेले तरी ते माझ्या आधी पोहोचेल. तेव्हा घालवायचंच असेल, तर मला नीट उभं राहू द्या आणि मग घालवा."

सूर्यकांतांनी हो म्हटलं नाही. टॉवरखाली बॅग उतरवून देताना त्यांनी किकरवर बोटाने टकटक केलं, जणू त्यातून काही उत्तर येणार होतं.

साधनाने दार उघडलं आणि लेकीच्या आधी बॅगेकडे पाहिलं. "थेट बाल्कनी. आज सोफ्याजवळ ठेवलीस तर मी सोफ्यासकट बाहेर काढीन."

"ठेवते, आई."

"तन्मयच्या आईचा मेसेज होता. म्हणे, तुमच्या आभाला परत पाठवतायत. परत पाठवतायत म्हणजे? ब्लाउज आहे का, घट्ट झाला म्हणून टेलरकडे द्यायला?"

"घट्ट नाही गं, ढगळ आहे," आभा म्हणाली आणि बाल्कनीतूनच तिने अर्शला फोन लावला.

अर्श लखनौचा. इंडस्ट्रियल क्लबमध्ये जाऊन त्याला महिना झाला होता. आभाने किकरविषयी विचारताच त्याने पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला.

"यार, मेरे पंजे बाहर लटकते हैं," तो म्हणाला. "पैड घुटने पे खत्म. बॉल सीधा हड्डी पे लगता है."

"तो बोला क्यों नहीं?"

"क्या बोलता? लड़की का किट छोटा पड़ रहा है? पूरा क्लब हँसता." मग आवाज खाली आला. "सच बोलूँ? मुझे लगा, मैं ही खत्म हो गया."

आभाला हे वाक्य ओळखीचं होतं. गेले चार शनिवार ती ते मराठीत म्हणत होती.

"शनिवार को अपना-अपना पहनेंगे," ती म्हणाली.

"तू अपने काका को मना. मेरे सेठ तो नए किट का नाम सुनते ही दौड़ेंगे."

बुधवारी संध्याकाळी सराव होता. सूर्यकांत आभाची नजर चुकवत सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होते. आभाने किट घातलं नाही. बॅग मैदानावर उपडी केली आणि तन्मयला हाक मारली.

"तन्मय, इकडे ये. पाय घाल."

"मी कशाला?"

"डेटा तपासायला."

ऑडिटवाल्याला याहून मोठं आमिष नसतं. तन्मयचा पायही अर्शच्या मानाने लहानच. आभाने पट्टे आवळून दिले आणि त्याला गोलमध्ये उभं केलं. तो चार पावलं चालला तेव्हा वेदांग मैदानावर लोळायचा बाकी राहिला.

"ब्रो, यू लुक लाइक अ पेंग्विन!"

"हसू नकोस, मार," आभा म्हणाली. "जोरात नको. त्याच्या पायाच्या टोकावर."

वेदांगने मारला. तन्मयने पाय पुढे केला, चेंडू किकरच्या टोकाला लागला आणि तिथेच थांबला. वेदांगने पुढे येऊन तो आत सरकवला. तन्मय म्हणाला, पुन्हा. पुन्हा तेच झालं. मग तो म्हणाला, मी लक्ष दिलं नव्हतं, पुन्हा. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर तो खाली बसला आणि चिडून पट्टे सोडू लागला.

"म्हणजे महिनाभर मी जे आकडे तोंडावर फेकतोय ते सगळे बाद?"

"बाद नाहीत," आभा म्हणाली. "गोल झालेत, ते झालेतच. पण ते कशाचे आहेत, ते तू तपासलं नाहीस." मग तिने अर्शची हकिकतही सांगितली.

आता सगळ्यांनी सूर्यकांतांकडे पाहिलं. त्यांनी हातातला कोन खाली ठेवला. "पण तन्मय, विचार कर. किट बदललं तर अर्शही जुना अर्श होईल. आपल्याविरुद्ध."

"होऊ दे. काका, मला अर्श परत हवाय. तो त्याच्या किटमध्ये खेळला तर माझंच म्हणणं सिद्ध होईल. बदला किट."

आभाला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो आवडलाही. महिनाभरात तिच्याविरुद्ध एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

सूर्यकांतांनी वासुदेवशेठना फोन केला. कोरं किट फुकट द्यायचं, तेही समोरच्या टीमला, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. दहा मिनिटं ते मैदानाच्या कडेने फेऱ्या मारत बोलले, आणि परत आले तेव्हा थोडे सावरलेले दिसले.

"एका मॅचपुरतं. मॅच संपली की किट ज्या त्या क्लबचं. आणि शनिवारचा चहा वासुदेवच्या खर्चाने. तेवढं तरी काढलं."

शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये दोन बॅगांची अदलाबदल झाली. आभाच्या जुन्या पॅडचा एक पट्टा तुटलेला होता. अर्शने त्याला चिकटपट्टी गुंडाळली होती. तिने किकर चढवले, टाच आपटली. बोटं टोकाला लागली. ती गोलमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिला महिनाभरानंतर पहिल्यांदा आपल्या पायांचा विसर पडला.

पहिलाच फटका जमिनीलगत आला. डावा किकर तिरका करून तिने तो थेट बाजूच्या रेषेबाहेर घालवला. तन्मयने एकदा मागे वळून पाहिलं.

"मागे काय बघतोस? तुझा माणूस डावीकडून सुटलाय!" आभा ओरडली. इतके दिवस तिचा आवाजसुद्धा त्या पॅडमध्ये अडकल्यासारखा होता. आता ती थांबली नाही. कोण मोकळा आहे, कुणी सरकायचं, कुणी चेंडू सोडून द्यायचा, सगळं ओरडून सांगत राहिली.

दुसऱ्या टोकाला अर्श भिंतीसारखा उभा होता. वेदांग एकदा एकटाच त्याच्यासमोर पोचला. अर्शने पसरून फटका अडवला, परत आलेला चेंडू वेदांगने उचलून मारला, तोही अर्शने हाताने बाहेर काढला. "यल्ला, और ला!" तो म्हणाला. तन्मय एकदम टाळी वाजवून गेला आणि मग आपण कुठल्या टीमचे आहोत हे आठवून त्याने हात खाली घेतले.

मध्यंतरानंतर इंडस्ट्रियलने लगूनला गोलसमोरच कोंडलं. एक फटका आभाच्या हेल्मेटला लागला, एक खांबाला. शेवटच्या मिनिटात त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, थांबवला गेला, आणि त्यांच्या सगळ्यात दणकट खेळाडूने तो सणसणीत मारला. आभा पुढे झेपावली होती. चेंडू उजव्या पॅडवर आदळून समोरच पडला, नेमका तसाच, जसा महिनाभर पडत होता. समोरचा खेळाडू काठी उचलून धावला. आभा एका गुडघ्यावर होती. त्याच गुडघ्यावर वळून तिने डावा पाय फेकला, आणि किकरच्या टोकाने, जिथे आता तिची बोटं होती, चेंडू त्याच्या काठीखालून बाजूला उडवला.

हूटर वाजला. शून्य-शून्य.

"झीरो-झीरो?" वेदांग म्हणाला. "आपल्या लीगमध्ये हे होतं?"

कॅफेटेरियात यावेळी चार टेबलं जोडली होती. वासुदेवशेठ चहाची ऑर्डर देऊन थेट सूर्यकांतांसमोर येऊन बसले. "सरपोतदार, आधीच सांगतो. अर्श परत मिळणार नाही."

"मी मागितला कुठे?"

"तुमचा कॅप्टन मागत होता ना?"

सगळे तन्मयकडे वळले. तो चहात साखर ढवळत होता. करकमध्ये आधीच साखर असते हे त्याला ठाऊक होतं.

"अर्श एक नंबर खेळला," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो."

"म्हणजे मत विरुद्ध?" सूर्यकांतांनी विचारलं.

"सौदा चुकीचाच होता, काका. नियमातली पळवाट बघून गोलकीपर आणली आणि तिचा पायसुद्धा बघितला नाही. ही काय प्रोसेस झाली?" त्याने चमचा खाली ठेवला. "पण आज मला एकदाच मागे वळून बघावं लागलं, आणि त्याबद्दलही शिव्या बसल्या. आभा राहील. मिनिट्समध्ये असं लिहा, सौदा चुकीचा, गोलकीपर बरोबर."

कमिटीतल्या बाकीच्यांनी चहा पितापिताच माना डोलावल्या. सूर्यकांतांनी मोठा श्वास सोडला आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं. "चला, मग किट आवरून घेऊ. आभा कुठाय?"

आभा टेबलाशी नव्हती. रस्त्यापलीकडे, पार्किंगच्या कठड्यावर ती आणि अर्श शेजारी शेजारी बसले होते. दोघांची हेल्मेटं जमिनीवर होती, पण पॅड, किकर, छातीचं कवच, सगळं अंगावर तसंच. जाणारे येणारे थांबून बघत होते.

"आभा, काढ गं ते," सूर्यकांत रस्त्याच्या अलीकडून म्हणाले. "ठरलंय आपलं."

"नाही काढणार, काका."

"म्हणजे?"

"आधी ते कलम खोडा. किट ज्या त्या क्लबचं नाही. किट ज्याच्या अंगाला बसतं त्याचं. तोवर मी इथेच आहे."

"मैं भी," अर्श म्हणाला आणि कठड्यावर आणखी पसरून बसला.

"घामाने भिजलीस, आजारी पडशील!"

"मग लवकर खोडा."

सूर्यकांत आणि वासुदेवशेठ यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघेही टेबलाशी बसले आणि सूर्यकांतांनी कराराचा कागद काढला. नव्या-जुन्याचा फरक कोण देणार यावर आवाज चढले. सूर्यकांतांनी फरक मागितला, वासुदेवशेठनी तुटक्या पट्ट्याकडे बोट दाखवून त्यांनाच उलट दूषणं दिली, सूर्यकांत म्हणाले तो तर तुमच्याकडेच तुटला, मग वासुदेवशेठनी आजच्या चहाचा हिशेब काढला. आभा शांतपणे बघत राहिली. असल्या घासाघिशीत सूर्यकांतकाका किती आनंदात असतात हे तिला माहीत होतं, आणि ती थांबायला तयार होती.

शेवटी सूर्यकांतांनी पेन उचललं आणि एक ओळ खोडली. कागद उंच धरून तिला दाखवला.

आभा उठली. पॅड न काढताच, फोमचे पाय आपटत तिने रस्ता ओलांडला. वेदांगने तिच्यासाठी खुर्ची ओढली. अर्शसाठी दोन लागल्या.

"ओके, पण सीरियसली," वेदांग म्हणाला, "ट्रेड वर्थ इट होता की नाही?"

तन्मयने तोंड उघडलं. मग मिटलं आणि आभाकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"आधी करक सांग," आभा म्हणाली. "मग सांगते. बराच वेळ लागेल."